अंगात कसर असली तर

पांढुर्ण्यात आज चाळिशीच्या आतला असा एकही माणूस नसेल, ज्याला आमच्या घरमालकीणबाईंनी आयुष्यात एकदा तरी रडवलेलं नाही. कापसाच्या मंडीतले तरणे अडते, संत्र्यांचे ट्रक भरणारे हमाल, शाळेतल्या मास्तरीणबाई, कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा तो गोडबोल्या इसम, सगळे लहानपणी त्यांच्यापुढे दंड नाहीतर मांडी करून भोकाड पसरून गेलेले आहेत. बाई आरोग्य केंद्रात नर्स होत्या. लसी टोचत टोचत त्यांनी सगळी हयात काढली, आणि निवृत्त झाल्या तेव्हा सुया तेवढ्या सरकारला परत केल्या. माणसांच्या मागे लागण्याची सवय मात्र घरी घेऊन आल्या. गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं. पूर्वी त्या दिसल्या की पोरं पळायची. आता त्या दिसल्या की तीच पोरं, पोटं सुटलेल्या वयात, निमूटपणे चपला बदलून बूट घालतात.

पांढुर्णा जिल्हा झाला, नवी कार्यालयं उघडली, आणि इंदूरहून माझी तिथे बदली झाली. मुलांच्या शाळेमुळे बायको इंदूरलाच राहिली आणि मी एकटा खोली शोधत फिरू लागलो. बाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. भाडं, पाणी, वीज याबद्दल बाई काही बोलल्याच नाहीत. ठेंगणा, काटक बांधा, घोट्यापासून वर खोचलेली सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली मग पाहा बाबूजी. आधी जिना चढून दाखवा." मी चढलो. त्या माझ्या मागोमाग वर आल्या, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी हात सोडून म्हणाल्या, "छातीतला घोडा अजून थांबून नाही राहिला. सर्दी किती वेळा होते?"

"हिवाळ्यात तीनचार वेळा होते."

"खोली तुमची," त्या म्हणाल्या. जणू खोली मला गुणांवर नव्हे, तर गरजेवर मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे खालून बुद्धवंदनेचे स्वर आले, ते थांबले, आणि लगेच माझ्या दाराची कडी वाजली. तिथून पुढे तीन वर्षं ती कडी वाजत राहिली. बाईंबरोबर रोज दहाबारा माणसं चालायची. स्टेशनकडून निघून बाजारातून जाम नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. या चालण्यात बाईंचं एक यंत्र होतं आणि ते यंत्र म्हणजे एकच प्रश्न: "काल राती काय भाजी होती?" चालता चालता त्या कोणाच्याही शेजारी जाऊन हे विचारायच्या. ज्याने भाजी, तिच्यातलं मीठ, सुनेचा हात आणि महागाई असं सगळं एका दमात सांगितलं, त्याला त्या म्हणायच्या, "तुम्ही फिरून नाही राहिले, वरातीत चालून राहिले. पाय उचला." ज्याच्या तोंडून नुसतं "वां... गं..." एवढंच बाहेर पडलं, त्याला बाजूला घेऊन हळू चालायला लावायच्या. वाक्य अर्धं बोलून श्वास घ्यावा लागला, मग उरलेलं अर्धं, असं झालं की बाई खूश. चाल बरोबर आहे म्हणायच्या. या पद्धतीमुळे पांढुर्ण्यात कोणाच्या घरी काय शिजतं याची बित्तंबातमी बाईंना होती, आणि एका घरी सलग पाच दिवस बटाटा झाल्याचं कळल्यावर त्या संध्याकाळी तिथे मेथीची जुडी घेऊन गेल्या होत्या.

चालण्याने सर्दी कशी थांबते, हे मी एकदा विचारलं. बाईंनी मला पुलाच्या कठड्याशी उभं केलं आणि समजावलं, "रक्तात पांढऱ्या पेशी राह्यतात ना, त्या आपल्या चौकीदारीण. आपण बसून राहिलो का त्याबी कोपऱ्यात बसून राह्यतात. आपण चाललो, रक्त जोरानं फिरलं, का त्या गस्तीवर निघतात. गल्लीगल्लीत जाऊन पाहतात कोण घुसलं ते. रोज गस्त झाली का चोर लवकर सापडते. बस, इतकंच." मी ही गोष्ट पुढे नागपूरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "मी विद्यार्थ्यांना अर्धा तास शिकवतो ते तुमच्या बाईंनी पाच वाक्यांत सांगितलं." त्या हिवाळ्यात मला सर्दी एकदाच झाली, आणि तीही इंदूरला गेलो असताना. बाईंनी त्याचा दोष इंदूरच्या सोफ्याला दिला.

पण बाईंचं औषध म्हणजे नुसतं चालणं नव्हे. माणसागणिक त्यांचा व्यायाम बदलायचा. बसस्टँडजवळ एक जिम आहे. बाई एक दिवस पदर खोचून सरळ आत गेल्या. छाताडं फुगवलेली पोरं गप्प झाली, कारण त्यातल्या प्रत्येकाला त्यांनी टोचलेलं होतं. बाईंनी मालकाला विचारलं, "सुट्टी कोणत्या दिवशी?"

"आपलं जिम सातही दिवस चालते बाई."

"जिम चालू दे बापा. पोट्टे किती दिवस चालवतोस ते सांग. आज ज्या दंडानं वजन उचललं त्याले उद्या आराम. नाई तर याहीचे चौकीदार दिवसभर अंगाची डागडुजीच करत बसतीन, चोराकडे कोण पाहीन?"

मालकाला वाटलं बाई वजनं उचलण्याच्या विरोधात आहेत. पण पुढच्या सोमवारी त्या गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन तिथे हजर झाल्या आणि प्रत्येकीच्या हातात एकेक किलोची वजनं दिली. त्यातली एक लाजून पदर तोंडाला लावू लागली तेव्हा बाईंनी तिचा दंड चिमटीत धरला. "हे मांस नाही माय, हे घरातलं धान्य आहे. आजार आला, चार दिवस जेवण गेलं नाई, का अंग हेच खाते. कोठी रिकामी असली तर कशानं उठशीन?" त्या तीन म्हाताऱ्या पुढे जिममध्ये इतक्या रुळल्या, की पोरांना गाणी बदलायला लावू लागल्या.

मंडीतल्या एका अडत्याला झोप येत नसे, आणि महिन्याला त्याचा घसा धरायचा. त्याला बाईंनी ना चालायला लावलं, ना वजन दिलं. दुकानाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी वीस मिनिटं डोळे मिटून संथ श्वास घ्यायला आणि अंग ताणायची साधी आसनं करायला बसवलं. "त्याचं अंग थकून नाही, डोकं पळून राहिलं," त्या मला म्हणाल्या. "पळणाऱ्याले अजून पळवून काय करू?"

बाईंचं माहेर सौंसरचं. दर रविवारी त्या बसने भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात जायच्या. एकदा मीही गेलो. बस अर्धी रिकामी होती, पण बाई दांडा धरून उभ्या राहिल्या आणि टाचा वर-खाली, वर-खाली करू लागल्या. कंडक्टर म्हणाला, "सिस्टरबाई, सीट खाली आहे." बाई म्हणाल्या, "असू दे. बसाले घरी खुर्ची आहे." सौंसर येईपर्यंत दोन कॉलेजच्या मुली आणि एक शिक्षक उभे राहून टाचा हलवत होते, आणि कंडक्टरला उभ्या प्रवाशांची गर्दी झाल्यासारखं वाटून तो वैतागला होता.

बगीच्यात भाऊ झाडाखाली खाटेवर बसून संत्री सोलत होता आणि शिंकत होता. त्याचं म्हणणं, एवढी संत्री खाणाऱ्या माणसाला काही होऊच शकत नाही. बाई म्हणाल्या, "संत्रं चांगलंच आहे. पण खाटेवर आलेलं संत्रं अर्धंच काम करते. झाडापर्यंत पायी जाऊन तोडलं तर पूर्ण." मग तोडणीला आलेल्या बायांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "याहीले पाहा, कशा तंदुरुस्त आहेत." त्यावर एक बाई डोक्यावरचा क्रेट खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "आमाले कायची तंदुरुस्ती वो बाई. घरी गेल्यावर अंग मोडून येते. पोरीले खोकला झाला का तो मलेच आधी लागते. आमाले व्यायाम नको, आराम पाह्यजे."

परतीच्या बसमध्ये बाई पहिल्यांदा सीटवर बसल्या. मग म्हणाल्या, "बाबूजी, मी इतके दिवस अर्धीच गोष्ट सांगत होती. राबणं आणि व्यायाम एक नाही." पुढच्या रविवारी त्यांनी भावाशी वाद घालून तोडणीच्या बायांना दुपारचा दोन तास सावलीतला आराम मिळवून दिला. भाऊ अजून कुरकुरतो, पण सावली चालू आहे.

आणि बाईंचा सगळ्यांत कडक नियम होता तापाचा. त्यांच्या पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं, रुमाल आणि थर्मामीटर कायम असे. नुसतं नाक गळत असेल तर त्या हळू चालू द्यायच्या. पण छातीत खोकला, अंगदुखी किंवा अंगात जराशी जरी कसर असली, तर रस्त्यातून परत घरी. तिथे दयामाया नाही. मी एकदा खोकला दाबून चालत होतो, तर भर बाजारात, भाजीवाल्यांच्या देखत, त्यांनी माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला. पारा पाहून म्हणाल्या, "घरी जा. झोपा. उद्या दार वाजणार नाई." तीन दिवस खरोखरच कडी वाजली नाही; वरणभाताचा डबा मात्र दोन्ही वेळा दाराशी ठेवलेला असायचा. तेव्हा मला हा नियम म्हणजे त्यांच्या शंभर लहरींपैकी एक वाटला होता.

रोशनी आमच्यात आली ती पुलावर. नदीपलीकडच्या सावरगावची ही मुलगी, वय बावीस, वडील संत्र्यांच्या गोदामात हमाल. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षा पास झाली होती आणि आता मैदानी चाचणी उरली होती: धावणं, लांब उडी, गोळाफेक. आम्ही पुलापाशी पोचायचो तेव्हा ती धावत परत येत असायची, आणि संध्याकाळी मी कचेरीतून निघायचो तेव्हा पुन्हा धावत असायची. बाईंनी आठवडाभर नुसतं पाहिलं. मग एका सकाळी तिच्या शेजारून चार पावलं पळून त्यांनी विचारलं, "पोरी, काल राती काय भाजी होती?"

रोशनीने हाताने नाही अशी खूण केली आणि पुढे निघून गेली. बाई थांबल्या. "नाही म्हणजे बोलता येत नाही का भाजीच नव्हती?" त्या मला म्हणाल्या. चौकशी केल्यावर कळलं, दोन्ही खरं होतं. वजन वाढू नये म्हणून ती रात्री जेवतच नव्हती. पहाटे चारला उठायची, दोन वेळा धावायची, दुपारी लहान मुलांचे क्लास घ्यायची आणि दोन महिन्यांत तिचा घसा तिसऱ्यांदा धरला होता.

बाई तिच्या घरी गेल्या. समजावलं, एक दिवसाआड धाव, रात्री पोटभर जेव, आठ तास झोप. "तू चौकीदारांले पगार देऊन नाही राहिली, अन् डबल ड्यूटी लावून राहिली." रोशनीने नम्रपणे ऐकून घेतलं. तिचे वडील मात्र म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असन. पण बाकीच्या पोरी रोज धावून राहिल्या. ही सुट्टी घेईन तर मागे नाही पडणार?" बाईंकडे त्याचं उत्तर होतं, पण ते ऐकायला रोशनीकडे वेळ नव्हता. चाचणीची तारीख जवळ आली होती. नागपूरच्या त्या डॉक्टरांना मी हेही विचारलं होतं. ते म्हणाले, जास्त धावण्यानेच आजार येतो की त्याबरोबरच्या उपासाने आणि अपुऱ्या झोपेने, यावर अजून वाद आहे. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "डॉक्टर लोकांचा वाद होईपर्यंत पोरगी तिन्ही करून राहिली."

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी व्हरांड्यात बाईंबरोबर बसलो होतो. फाटक उघडून रोशनीचे वडील आत आले, मागे रोशनी, अंगावर शाल. तिचे डोळे तांबारलेले होते. बाईंनी काही न विचारता थर्मामीटर लावला. मग नाडी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मी इतका वेळ त्यांना कोणाची नाडी पाहताना पाहिलं नव्हतं.

"राती दहाची गाडी आहे जबलपूरची," वडील म्हणाले. "एक अशी गोळी द्या बाई, का उद्या दुपारपर्यंत ताप येणार नाई. मग आल्यावर पाहू."

"नाही देत."

"इंजेक्शन तरी."

"दादा, ताप उतरते गोळीनं. आजार नाही उतरत. तो आतच राह्यते. हिले उद्या नाही धावू द्यायचं."

वडिलांचा चेहरा कठीण झाला. "बाई, दोन वर्षं केली पोरीनं. दुसरी तारीख भेटत नाही. अन् साध्या तापानं कोणाले काय होते?"

बाईंनी रोशनीचा हात सोडला नव्हता. त्या तिच्याकडेच बघत, आवाज न चढवता बोलू लागल्या. "माझे मालक स्टेशनात कामाले होते. कबड्डी खेळायचे. अंगानं असे का दरवाज्यात मावत नव्हते. तिकडे आमला गावाले फायनल होती. आदल्या दिवशी ताप आला, अंग दुखे. मी म्हटलं नका जाऊ. ते म्हणे, साधा ताप आहे, तू नर्स आहे ना, दे गोळी. मी दिली. माझ्या हातानं दिली. ते खेळले, जिंकून आले, गळ्यात हार घालून आले. दुसऱ्या दिवशी जिना चढले अन् छाती धरून बसले. नागपूरले नेलं. डॉक्टरनं सांगितलं, तापाचे जंतू हृदयाच्या मांसात उतरले होते, अन् त्यावर इतकी धावपळ झाली. चौथ्या दिवशी गेले. माझा पोरगा तेव्हा दीड वर्षाचा होता." त्या थांबल्या. "सगळ्याईले असं होत नाई. हजारात एखाद्याले होते. तुले होईनच असं मी म्हणत नाई. पण गोळी मी देणार नाई. दुसरीकडे भेटते, मेडिकलमध्ये भेटते. आता तू ठरव."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली. रोशनी पायरीवर बसली. तिने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तसंच ठेवून म्हणाली, "बाबा, मी नाही जात."

वडील एकटेच फाटकातून बाहेर पडले. फाटक लावायचंही त्यांना सुचलं नाही. थोड्या वेळाने मी रोशनीला सावरगावला सोडून आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "सर, माझी नाडी खरंच तेज होती का, का बाईंनी मले भेव दाखवला?"

पाच दिवसांत तिचा ताप गेला. तिला काहीही झालं नाही. आणि काहीच झालं नाही, हेच बाईंना भोवलं. सावरगावात आणि मग पांढुर्ण्यात बोललं जाऊ लागलं, की सिस्टरबाईंनी स्वतःच्या भीतीपायी एका गरीब पोरीची नोकरी घालवली. तिच्याबरोबरच्या दोन मुली पास झाल्या, त्यांतली एक तर धावण्यात तिच्या मागे असायची. सकाळच्या रांगेतली माणसं कमी झाली. आम्ही चौघं उरलो. मग एक दिवस माझ्या दाराची कडी वाजली नाही. मी खाली गेलो तर बाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या, बूट न घालता. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाबूजी, खरं सांगा. माझं चुकलं का?"

मी खोटं बोलू शकलो नाही. म्हणालो, "माहीत नाही बाई. ती गेली असती आणि सुखरूप परत आली असती, असंही झालं असतं."

"होय," त्या म्हणाल्या. "झालं असतं." तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "इतक्या लेकरांले लस टोचली मी. एकाही मायनं येऊन म्हटलं नाही, का बाई, माझ्या पोराले गोवर झाला नाही, तुमचे उपकार. जे झालंच नाही ते दिसन कसं? हे काम असंच आहे. पण त्या लेकरांची नोकरी नव्हती जात." आणि त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या.

रोशनी दीड महिन्याने आली. सकाळी, फाटकाशी, बूट घालून. आत येऊन तिने बाईंना वाकून नमस्कार केला नाही, की रडलीही नाही. म्हणाली, "मावशी, वनरक्षकाची भरती निघाली. त्यात धावणं नाही, चालणं आहे. ठरलेल्या वेळात लांबचं चालायचं. तुमी शिकवान का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बाबाले विचारलं?"

"बाबा बोलून नाही राहिले. पण त्याहीनं नाही बी नाही म्हटलं."

"मग आधी जेवून घे," बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या त्या बूट शोधायलाच.

त्यानंतरचे सात महिने मी पाहिलेले आहेत. आठवड्यातून चार दिवस चाल. एकेक करत पांढुर्ण्याबाहेरची सगळी शिवारं पालथी घातली. दोन दिवस जिममध्ये त्या तीन म्हाताऱ्यांच्या शेजारी वजनं. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी रोशनीने घराबाहेर पाऊल टाकलं तर बाई सावरगावला जाऊन तिला दटावून येत. रात्री भाकरी, भाजी, डाळ खाल्ल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची चाल नाही. पहिला महिनाभर रोशनी चिडायची. सुट्टीच्या दिवशी तिचे पाय वळवळायचे. ती म्हणायची, "मावशी, मी आळशी होऊन राहिली." पण त्या पावसाळ्यात, सगळं सावरगाव तापाने फणफणलेलं असताना, तिला एकदाच ताप आला. तो आल्याचं तिने स्वतः येऊन सांगितलं, आणि उतरल्यावरही दहा दिवस ती फक्त अंगणात फिरली. गावात कोणी काही म्हटलं नाही. पाहत मात्र सगळे होते.

चाचणीच्या दिवशी बाई गेल्या नाहीत. "मी गेली तर तिच्यासंग चालाले लागीन," म्हणाल्या. त्या दिवसभर त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू जागची हलवली. संध्याकाळी फोन आला. रोशनी वेळेच्या आत पोचली होती. पहिली नाही, तिसरीही नाही, मधेच कुठेतरी. तेवढं पुरेसं होतं. महिन्या-दीड महिन्याने निवडीची यादी लागली आणि तिच्यात तिचं नाव होतं.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी आले. रिकाम्या हाताने आले याचं त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ते पायरीशी उभेच राहिले. बाई म्हणाल्या, "बसा दादा." ते बसले. काही वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी आपला हात पुढे केला, तळवा वर करून. "बाई, गोदामात पोते उचलताना आजकाल दम लागते. जरा नाडी पाहता का माझी?" बाईंनी घड्याळ सरकवून नाडी धरली. माफी मागायची राहून गेली, आणि ती मागायची गरजही त्या मिनिटभरात संपली.

रोशनीची नेमणूक सातपुड्यातल्या जंगलात झाली. प्रशिक्षण आटपून ती तिकडे गेली त्यालाही आता वर्ष होत आलं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो, बाईंच्या बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या, आणि तिचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला. "मावशी, आज गस्तीवर नाही गेली. पहाटे उठली तर अंगात कसर होती, पाय दुखून राहिले होते. मीच साहेबाले सांगितलं, आज नाही येत म्हणून. ते म्हणे, जरा तर आहे, चल. मी म्हटलं, नाही सर."

"बरं केलं," बाई म्हणाल्या. "काही खाल्लं का?"

"पेज केली. आता झोपते. तुमाले सांगावं वाटलं."

फोन बंद झाला. फाटकाशी माणसं जमली होती, आता ती पुन्हा दहाबारा झाली होती. बाई उठल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाबूजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मले न विचारता झोपून राहिलं."

मी हसलो. त्याही हसल्या. त्यांनी फाटकाकडे हात करून बाकीच्यांना पुढे व्हायला सांगितलं. मंडळी एकमेकांकडे बघत, चुकल्यासारखी, बाजाराकडे गेली. मी आत जाऊन दोन कप चहा करून आणला. आम्ही पायरीवर बसलो. समोरच्या छतावर ऊन आलं, मग रस्त्यावर उतरलं, मग आमच्या पायांशी. बाई कोणाला काही विचारत नव्हत्या, कोणाला उठवत नव्हत्या. मी त्यांना सकाळच्या वेळी असं नुसतं बसलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इंदूरला परत बदली झाल्याचं पत्र दोन दिवसांपासून माझ्या खिशात होतं. ते त्यांना सांगायचं म्हणूनच मी लवकर खाली आलो होतो. उद्या सांगू, असं म्हणून मी चहाचा दुसरा घोट घेतला.